चेहऱ्याची नस आणि भाकिताची वेळ

भाषेच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकातला विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नाही. मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे. परंतु ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांचे सारे आयुष्य वर्गात बोलण्यात गेले. आणि बोलणे हे एकट्या जिभेचे काम नाही. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण दोन्ही ओठ मिळाल्यावाचून उमटत नाहीत. ओठ मिळवणारे स्नायू ज्या नसेच्या हुकमतीत असतात, ती नस एका रात्रीत बंद पडू शकते. सकाळी चूळ भरताना तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी गळू लागते, आरशात तोंड वाकडे दिसते, एक डोळा मिटत नाही, आणि घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो 'लकवा'. त्या घटकेपासून रोग्याच्या मनात एकच प्रश्न घर करून बसतो : माझा चेहरा पूर्ववत होईल काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आजचे वैद्यक विजेच्या साहाय्याने नसेची तपासणी करते. ती तपासणी काय सांगते, कधी सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे समजावून द्यावे एवढाच या लेखाचा हेतू आहे. या तिन्हींत 'कधी' हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि रोग्याच्या घरी नेमका त्याचाच विसर पडतो.

एका शब्दाचा प्रवास

प्रथम माझ्या विषयातली एक गोष्ट सांगतो, कारण तिचा रोग्याच्या भीतीशी थेट संबंध आहे. 'लकवा' हा शब्द मूळचा अरबी. अरबी वैद्यकग्रंथांत त्याचा अर्थ मर्यादित होता : चेहरा एका बाजूस ओढला जाणे, तोंड वाकडे होणे. नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या अल्-राझी या वैद्याने याच नावाखाली या विकाराचे वर्णन केले आहे. पुढे फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ पसरत गेला. आज मराठीत काय किंवा हिंदीत काय, लकवा म्हटले की हात, पाय, अर्धे अंग लुळे पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आपण इंदूरकर तर घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी बोलतो; दोन्हीकडे हाच शब्द, आणि दोन्हीकडे तीच धास्ती.

आयुर्वेदाने मात्र चेहऱ्याच्या या विकाराला 'अर्दित' असे वेगळे नाव दिले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या विवेचनात अर्दिताचे वर्णन येते, आणि कोणते अर्दित बरे होत नाही हेही तेथे सांगितले आहे. रोगी क्षीण असेल, डोळ्याची पापणी लवत नसेल, बोलणे सतत अडखळत असेल, विकाराला तीन वर्षे लोटली असतील किंवा कंप असेल, तर आशा धरू नये, असा त्याचा आशय. आजच्या वर्गीकरणातले एकाहून अधिक विकार त्या एका नावात सामावलेले असणार, हे उघड आहे. तरीही पापणी मिटते की नाही आणि किती काळ लोटला, या दोन खुणा आजचा डॉक्टरही पाहतो. भाकीत करण्याची गरज जुनीच आहे. साधने तेवढी बदलली.

मेंदूतील रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे चेहरा वाकडा होणे आणि चेहऱ्याची नस सुजल्यामुळे तो वाकडा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तरी रोगी सहसा कपाळाला आठ्या घालू शकतो. नसच बंद पडली असेल, तर त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. हा भेद करणे डॉक्टरांचे काम आहे, आपले नव्हे. चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय दुर्बळ झाला, शब्द सुचेनासे झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. यापुढे मी बोलणार आहे ते दुसऱ्या विकाराबद्दल, म्हणजे नसेच्या विकाराबद्दल.

हाडातली अरुंद वाट

'नस' हा बोलीतला शब्द मी येथे चेतना वाहून नेणाऱ्या दोरीसाठी वापरतो आहे, रक्तवाहिनीसाठी नव्हे. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची. या एका नसेत सुमारे सात ते दहा हजार सूक्ष्म तंतू असतात. भुवया उंचावणे, डोळे मिटणे, नाक मुरडणे, गाल फुगवणे, ओठ मुडपणे, दात विचकणे : आपल्या भाषेतले हे वाक्प्रचार एकापाठोपाठ एक करून पाहिले, तर या नसेची पहिली तपासणी घरबसल्या होते. डॉक्टरही रोग्याला जवळपास याच क्रमाने हे सारे करायला सांगतात. याखेरीज जिभेच्या पुढच्या भागाची चव, डोळ्यांतले पाणी आणि मोठा आवाज कानाला सुसह्य करणारा एक इवलासा स्नायू, हेही या नसेकडेच आहेत.

ही नस कानाजवळच्या हाडातल्या एका वाकड्यातिकड्या बोगद्यातून सुमारे तीन सेंटीमीटर प्रवास करते आणि कानाच्या पाळीमागे बाहेर पडून चेहऱ्यावर पसरते. त्या बोगद्याची सर्वांत अरुंद जागा एक मिलिमीटरहूनही कमी रुंदीची असते. मऊ जागेत सूज आली तर ती पसरते. हाडाच्या बोगद्यात तिला पसरायला वाव नसतो. मग नस आतल्या आत आवळली जाते.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या नसांविषयी निबंध मांडला. आज या विकाराच्या सर्वांत सामान्य प्रकाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात ते त्यांच्यावरूनच. चित्रकारांसाठी भावदर्शनाच्या शरीररचनेवर त्यांनी १८०६ मध्येच ग्रंथ लिहिला होता, हे येथे सांगण्यासारखे आहे. या विकाराचे निश्चित कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. १९९६ मध्ये जपानी संशोधकांना अशा रोग्यांच्या नसेभोवतीच्या द्रवात ओठांवर पुरळ आणणाऱ्या नागिणीच्या जातीच्या विषाणूचे अंश सापडले, आणि तेव्हापासून संशय मुख्यत्वे त्या विषाणूवर आहे. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण वीस ते तीस जणांना हा विकार होतो. म्हणजे इंदूरसारख्या मोठ्या शहरात दर वर्षी काही शेकडा घरांत हा प्रसंग येत असला पाहिजे.

इजा किती खोल?

भाकिताचा सारा प्रश्न एका गोष्टीवर येऊन ठेपतो : आवळलेल्या नसेतले तंतू नुसते गप्प झाले आहेत की मेले आहेत?

युद्धातल्या जखमींचा अभ्यास करून इंग्लंडमधील सेडन यांनी १९४३ साली नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू शाबूत असतो, फक्त दाबाच्या जागी संदेश अडतो. दाब उतरला की काही आठवड्यांत कारभार सुरळीत होतो. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो, पण त्याच्याभोवतीची नळी टिकून असते. तंतू त्या नळीतून पुन्हा वाढत जातो; ही वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणून महिने लागतात. तिसऱ्यात तंतू आणि नळी दोन्ही नष्ट होतात. वाढणाऱ्या तंतूला वाट सापडत नाही, किंवा तो भलत्याच वाटेला लागतो. मग हसताना डोळा मिटतो, डोळा मिटताना ओठाचा कोपरा ओढला जातो. क्वचित जेवताना डोळ्यांतून पाणी येते, कारण लाळेकडे जायचा तंतू अश्रूंच्या ग्रंथीकडे गेलेला असतो.

पहिल्या दिवशी या तिन्ही प्रकारांतले रोगी अगदी सारखे दिसतात. तोच सपाट गाल, तोच उघडा डोळा. डोळ्यांनी पाहून भेद कळत नाही, म्हणून विजेची मदत घ्यावी लागते.

पाटाचे पाणी

आता 'कधी' या प्रश्नाकडे वळू. तुटलेल्या तंतूचा पलीकडचा तुकडा तत्काळ मरत नाही. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून, कापलेल्या जागेच्या पुढचा भाग क्रमाक्रमाने कसा नाश पावतो हे दाखवले. चेहऱ्याच्या नसेत या प्रक्रियेला साधारण तीन दिवस लागतात.

शेतीतला दाखला देतो. धरणाशी पाटाचे दार बंद झाले, तरी खालच्या चारीत साठलेले पाणी काही काळ पिकापर्यंत पोहोचत राहते. चारीच्या टोकाशी उभे राहून कोणी पाणी पाहिले, तर पाट चालू आहे असाच त्याचा समज होईल. नसेचे तसेच आहे. इजा हाडाच्या बोगद्यात झालेली असते. विजेचा झटका मात्र त्याच्या पुढे, कानाखाली नस बाहेर पडते तेथे द्यावा लागतो. पहिल्या तीन दिवसांत तो दिला, तर मरणोन्मुख तंतूही इमानेइतबारे संदेश पुढे नेतो, स्नायू थरकतो, आणि यंत्रावर उत्तम लाट उमटते. ती पाहून दिलेला दिलासा खोटा ठरू शकतो. म्हणून नसेचे खरे उत्तर चौथ्या दिवसापासून मिळू लागते आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांपर्यंतच ते विश्वासार्ह असते.

तीन आठवड्यांनंतर उलट दिशेची अडचण येते. बरे होऊ लागलेले तंतू वेगवेगळ्या गतीने संदेश नेतात. शाळेच्या प्रार्थनेत प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या लयीत म्हणावे तसे होते. आवाज असतो, पण एकत्रित स्वर उमटत नाही. यंत्रावरची लाट मग वास्तवाहून लहान दिसते आणि बऱ्या होत चाललेल्या रोग्यालाही निराशेचा कागद हाती येतो. थोडक्यात, फार लवकर केलेली तपासणी फाजील आशा देते आणि फार उशिरा केलेली फाजील भीती.

तपासणी कशी करतात

या पद्धतीला इलेक्ट्रोन्यूरोग्राफी म्हणतात. १९७०च्या दशकात झुरिचमध्ये एस्लेन आणि फिश यांनी तिला आजचे रूप दिले. कानाच्या पुढे-खाली त्वचेवर विद्युत्-अग्र ठेवून नसेला क्षणिक झटका देतात. झटका इतका पुरेसा असतो की जिवंत असलेला प्रत्येक तंतू जागा व्हावा. नाकपुडीजवळच्या, गालाच्या घडीपाशी लावलेल्या अग्रांवर स्नायूंच्या प्रतिसादाची लाट नोंदली जाते. हेच निरोगी बाजूवर करतात आणि दोन्ही लाटांची उंची ताडून पाहतात. माणसामाणसांत लाटेची उंची फार भिन्न असते, म्हणून प्रत्येकाची निरोगी बाजू हेच त्याचे माप. निरोगी बाजूला दोन मिलिव्होल्ट आणि रोगी बाजूला एक मिलिव्होल्ट आले, तर अंदाजे निम्मे तंतू नष्ट झाले असे मानतात.

दुसरी तपासणी ईएमजीची. तीत बारीक सुई स्नायूतच घालतात आणि रोग्याला हसायला किंवा डोळा मिटायला सांगतात. बाहेर काहीच हालचाल दिसत नसताना सुईला एखाददुसऱ्या तंतूचा प्रतिसाद मिळाला, तर नस पूर्ण तुटलेली नाही याचा तो पुरावा. सुमारे दोन-तीन आठवड्यांनंतर हीच सुई नसेपासून तुटलेल्या स्नायूची अस्वस्थ थरथर टिपते, आणि पुढे कित्येक आठवड्यांनी परतणाऱ्या तंतूंची पहिली चाहूलही, आरशात काही दिसण्यापूर्वीच, तिलाच लागते.

नव्वद टक्क्यांची रेषा

झुरिचच्या अभ्यासातून एक सीमा पुढे आली. पहिल्या चौदा दिवसांत नव्वद टक्क्यांहून कमी तंतू नष्ट झाले असतील, तर बहुतेकांचा चेहरा समाधानकारकपणे सुधारतो. नव्वद टक्क्यांहून अधिक नाश झाला असेल आणि ईएमजीतही ऐच्छिक प्रतिसाद नसेल, तर अपुऱ्या सुधारणेचा धोका बराच वाढतो. अशा निवडक रोग्यांत हाडाचा बोगदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया करून पाहण्यात आली. १९९९ मध्ये अमेरिकेतील गँट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९१ टक्के, तर न झालेल्यांपैकी ४२ टक्के रोग्यांची सुधारणा चांगली झाली. परंतु रोगी थोडे होते, आणि कोणावर शस्त्रक्रिया करायची याची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. कवटीजवळच्या या शस्त्रक्रियेत श्रवणशक्ती जाण्याचाही धोका असतो. म्हणून २०१३च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी या शस्त्रक्रियेच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याचे टाळले. नव्वदची रेषा निर्णयाला आधार देते. निर्णय मात्र रोगी आणि डॉक्टर यांनी मिळूनच घ्यायचा असतो.

येथे आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. तपासणी सांगते ते अशा शंभर रोग्यांचे साधारण काय होते हे. त्या शंभरांत आपण कोण, हे ती सांगू शकत नाही. कोष्टकातली टक्केवारी हे कोणाचेही विधिलिखित नाही.

तपासणी कोणाला नको

कोपनहेगनच्या पीटरसन यांनी औषधोपचार न केलेल्या रोग्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये १,७०१ बेल्स पाल्सीच्या रोग्यांचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. ज्यांचा चेहरा अंशतःच दुर्बळ झाला होता त्यांच्यात हे प्रमाण ९४ टक्के, आणि पूर्ण लुळा पडलेल्यांत ६१ टक्के होते. ८५ टक्के रोग्यांत तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली. उरलेल्यांत तीन ते पाच महिन्यांनी.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. चेहरा थोडा जरी हलत असेल, तर विजेच्या तपासणीची सहसा गरज नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठाऊकच आहे त्यासाठी पैसे आणि झोप खर्ची घालू नये. तपासणीचा खरा उपयोग आहे तो पूर्ण लुळ्या पडलेल्या चेहऱ्यासाठी, आणि तोही योग्य दिवसांत.

दुसरी गोष्ट उपचाराची. तपासणीची वाट पाहत औषध लांबवणे घातक आहे. स्कॉटलंडमध्ये ५५१ रोग्यांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झालेले आढळले; ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. गंमत अशी, की ज्या तीन दिवसांत यंत्र काही खरे सांगू शकत नाही, तेच तीन दिवस औषधाचे असतात. अर्थात हे औषध मधुमेह्यांची साखर वाढवते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

मी हा विकार स्वतः भोगला आहे, म्हणून अनुभवाचे दोन शब्द लिहितो. २०११च्या थंडीत माझी डावी बाजू गेली. औषध दुसऱ्याच दिवशी सुरू झाले. पहिल्याच दिवशी यंत्रावर तपासून घ्या, असा आप्तांचा आग्रह होता. डॉक्टरांनी मात्र नवव्या दिवशी बोलावले. निरोगी बाजूची लाट १.८ मिलिव्होल्ट आणि रोगी बाजूची ०.५, म्हणजे सुमारे २८ टक्के तंतू शिल्लक होते. "सर, सुधारणा होईल, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत होईल," असे त्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सातव्या आठवड्यात ओठाचा कोपरा किंचित हलला. पाचव्या महिन्यात मी पुन्हा व्याख्यानाला उभा राहिलो. त्या तपासणीने माझा एकही तंतू वाचवला नाही. वाट किती पाहायची हे मात्र तिने सांगितले, आणि ज्याला रोज आरशासमोर उभे राहावे लागते त्याला हे लहान दान नसते. आजही 'प' म्हणताना माझा डावा डोळा थोडा बारीक होतो. पहिल्या बाकावरच्या श्रोत्यांना ते दिसत असेल.

ध्यानात ठेवण्याजोगे

माजी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आता आईवडिलांची आणि स्वतःचीही प्रकृती सांभाळण्याच्या वयात आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी. चेहरा वाकडा झाला की त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मालिश आणि शेक यांत पहिले तीन दिवस दवडू नयेत. डोळा मिटत नसेल, तर बुबुळ कोरडे पडून कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर सांगतील ते थेंब आणि मलम वापरावे, रात्री पापणी अलगद चिकटपट्टीने बंद ठेवावी. कानावर फोड आणि तीव्र वेदना असतील, तर तो नागिणीचा प्रकार असू शकतो. १९०७ मध्ये रॅम्से हंट यांनी वर्णिलेल्या या प्रकारात सुधारणेची शक्यता कमी असते, म्हणून उपचाराची तातडी अधिक. आणि तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही, किंवा दुर्बळता हळूहळू वाढतच गेली, तर निदानाचाच फेरविचार करायला हवा.

आणखी एक सावधगिरी. तपासणीसाठी दिला जाणारा विजेचा झटका आणि उपचार म्हणून रोज दिले जाणारे शेक-झटके, या दोहोंत गल्लत करू नये. पहिला फक्त माहिती देतो. दुसऱ्याने बेल्स पाल्सी लवकर बरी होते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

आपल्या शिक्षकांनी आपल्याला अक्षरे शिकवली, उच्चार शिकवले आणि प्रश्न विचारायला शिकवले. प्रश्न योग्य वेळी विचारला, तरच त्याचे उत्तर उपयोगी पडते, हेही त्यांच्याच वर्गात शिकलो. या पुस्तिकेतून ही माहिती एखाद्या घरी वेळेवर पोहोचली, तर त्यांच्या स्मृतीस वाहिलेली ही शब्दांजली सार्थकी लागली असे मी मानीन.